सातबाऱ्याचे दोन रकाने : खान्देशातील स्त्रिया आणि जमिनीची मालकी

१/
सातबारा उताऱ्याच्या वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, दोन रकाने महत्त्वाचे असतात. एक भोगवटादाराच्या, म्हणजे जुन्या भाषेत कब्जेदाराच्या नावाचा. दुसरा उजवीकडचा, ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ असे शीर्षक असलेला. पहिल्या रकान्यात ज्याचे नाव, त्याची जमीन. दुसऱ्या रकान्यात सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा, वाटेचा हक्क अशा नोंदी येतात. जुने उतारे चाळले की याच दुसऱ्या रकान्यात, बोजा आणि विहीर यांच्या शेजारी, खातेदाराच्या बहिणींची नावेही आढळतात. या दोन रकान्यांमधील अंतर स्त्रियांनी कसे कापले, याचा खान्देशातील हा इतिहास.

२/
खान्देश म्हणजे तापी, गिरणा, पांझरा यांचा मुलूख. काळी जमीन, कापूस, ज्वारी, रावेर-यावलकडे केळी. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात आला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या पट्ट्यात पेरणीमागे सरते धरणे, निंदणी, खुरपणी, कापसाची वेचणी, मळणीची उपणणी ही कामे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांकडे राहिली. जमिनीचा कागद मात्र त्यांच्याकडे आला नाही.

३/
या विषमतेचे मूळ केवळ परंपरेत शोधणे अपुरे आहे. तिचा बराचसा भाग कागदाने घडवला. मुंबई इलाख्यात रयतवारी आली, गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीने शेतांची मोजणी झाली, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि प्रत्येक नंबरापुढे सारा भरणाऱ्या खातेदाराचे नाव लिहिले गेले. खान्देशात ही मोजणी सुखासुखी झाली नाही; १८५२ मध्ये सावदा आणि एरंडोल भागांतील शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला. विरोध मोडला गेला आणि मोजणी झाली.

४/
सरकारला सारा वसूल करण्यासाठी एक नाव हवे होते. एकत्र कुटुंबात ते नाव कर्त्या पुरुषाचे असणार, हे गृहीतच होते. राबणारे हात दहा आणि कागदावर नाव एक, अशी ही रीत. पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, फेरफार आणि उतारे यांची व्यवस्था लागली आणि कर्त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’ ही तीन अक्षरे रूढ झाली : एकत्र कुटुंब मॅनेजर. कुटुंबाच्या मिळकतीचा तो केवळ व्यवस्थापक, असा त्याचा मूळ अर्थ. प्रत्यक्षात गावाने त्याला मालक मानले.

५/
या नावाला किंमत आली ती कापसामुळे. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्याच सुमारास रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली. खान्देशचा कापूस जगाच्या बाजारात गेला. जळगावात सूतगिरणी उभी राहिली, ठिकठिकाणी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. जमीन आता केवळ साऱ्याचे ओझे राहिली नाही. ती गहाण पडू लागली, विकली जाऊ लागली, तिच्यावर कर्ज मिळू लागले. वेचणी करणाऱ्या बायकांची मागणी वाढली. गहाणखतावर सही करण्याचा अधिकार मात्र खातेदाराकडेच राहिला.

६/
हिंदू कायद्याची स्थिती तेव्हा काय होती? खान्देशात मिताक्षरेबरोबर नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’लाही मान होता. या परंपरेत पश्चिम भारतातील मुलीची स्थिती काही बाबतींत इतर प्रांतांहून बरी होती : पित्याला मुलगा नसेल, विधवाही मागे नसेल, तर मुलीला मिळालेली मिळकत तिची पूर्ण मालकीची होई. पण ही वेळ क्वचित येई. भाऊ असला की मुलीचा प्रश्नच संपे. तिच्या वाट्याला लग्नाचा खर्च आणि माहेरपण.

७/
विधवेची गत अधिक बिकट. पती एकत्र कुटुंबात असताना वारला, तर त्याचा हिस्सा भावांकडे किंवा मुलांकडे जाई आणि तिला केवळ पोटगी मिळे. पती विभक्त असून निपुत्रिक वारला, तर जमीन तिच्या नावे होई, परंतु हयातीपुरतीच. विशेष गरज सिद्ध केल्याखेरीज तिला ती विकता येत नसे, आणि तिच्या मृत्यूनंतर ती पुन्हा पतीच्या वारसांकडे जाई. थोडक्यात, ती जमिनीची राखणदार होती.

८/
यात १८५६ च्या विधवाविवाह कायद्याची एक उपेक्षित बाजू दडलेली आहे. उच्चवर्णीय विधवेला त्याने पुनर्विवाहाची मुभा दिली, म्हणून तो सुधारणेचा कायदा. पण त्याच कायद्यात, पुनर्विवाह करणारी विधवा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क गमावते, अशी तरतूद होती. खान्देशातील अनेक शेतकरी जातींत पाट लावण्याची चाल पूर्वीपासून होती. त्यांना या मुभेची गरजच नव्हती. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले की, जातीत पाटाची चाल असली तरी पाट लावणारी विधवा जमीन गमावेल. सुधारणेचा लाभ एकीला, तोटा दुसरीला.

९/
वतनांच्या बाबतीत तर सरकारने स्पष्टच भूमिका घेतली. १८८६ च्या मुंबई कायदा क्रमांक ५ ने ठरवले की, वतनदार घराण्यातील शेवटच्या पुरुषाची विधवा वगळता इतर सर्व स्त्रियांचा वारसाक्रम घराण्यातील प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे राहील. म्हणजे पाटलाची सख्खी मुलगी मागे आणि दूरचा चुलतभाऊ पुढे. हा नियम धर्मग्रंथातून आला नव्हता. वतनाची जमीन दुसऱ्या घराण्यात जाऊ नये, या प्रशासकीय सोयीतून तो आला होता.

१०/
बहिणाबाई चौधरी यांचे आयुष्य या काळात बसते. जन्म १८८० मध्ये असोद्याला, लग्न जळगावच्या चौधरी कुटुंबात, ऐन उमेदीत वैधव्य, आणि उरलेले आयुष्य घर, मुले आणि शेत यांत. पेरणीपासून उपणणीपर्यंत शेतीची प्रत्येक क्रिया त्यांच्या ओव्यांत येते. १९५१ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली. हिंदू वारसा कायदा त्यानंतर चार वर्षांनी झाला. महाराष्ट्राला शेतीची भाषा देणाऱ्या या स्त्रीचे अवघे आयुष्य, मुलीला भावाबरोबर वारस न मानणाऱ्या कायद्याखाली गेले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

११/
१९३७ मध्ये डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मिळकतीच्या हक्काचा कायदा झाला आणि विधवेला पतीच्या मिळकतीत मुलाइतका, हयातीपुरता हिस्सा मिळाला. परंतु १९३५ च्या भारत सरकार कायद्याने शेतजमीन हा विषय प्रांतांकडे गेला होता. त्यामुळे हा कायदा प्रांतांतील शेतजमिनीला लागूच होत नाही, असा अभिप्राय फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये दिला. शहरातील वाड्यात विधवेला हिस्सा, पण वावरात नाही. मुंबई प्रांताने शेतजमिनीपुरता वेगळा कायदा करून ही उणीव भरून काढली.

१२/
स्वातंत्र्यानंतरच्या कूळकायद्यातही स्त्रीची प्रतिमा बोलकी आहे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कूळ जमिनीचे मालक झाले. अपवाद होते : जमीनमालक अज्ञान मूल, विधवा किंवा शारीरिक-मानसिक दृष्ट्या अपंग असल्यास कुळाची खरेदी पुढे ढकलली जाई. हेतू संरक्षणाचा होता. मात्र विधवेला अज्ञान मुलाच्या पंक्तीला बसवणाऱ्या या कलमामागे एक गृहीतक होते : स्त्री स्वतः जमीन कसू शकत नाही. त्याच वेळी तिच्या गावातील निम्म्याहून अधिक शेतकाम स्त्रियाच करीत होत्या.

१३/
१९५६ चा हिंदू वारसा कायदा हे मोठे पाऊल. विधवेची हयातीपुरती मालकी पूर्ण मालकी झाली आणि मुलगी पित्याच्या हिश्शाची वारस झाली. मात्र वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क फक्त मुलाचाच राहिला. उदाहरण घेऊ. वडिलोपार्जित १२ एकर, आई आधीच वारलेली, एक मुलगा, एक मुलगी. पिता वारला की आधी कागदोपत्री वाटणी धरायची : पित्याचे ६, मुलाचे ६. मग पित्याचे ६ दोघांत वाटायचे. मुलीला ३ एकर, मुलाला ९.

१४/
आणि हे ३ एकरही पहिल्या रकान्यात सहसा येत नसत. वारस नोंद करताना मुलांची नावे कब्जेदार सदरी आणि मुलींची ‘इतर हक्कात’ लावण्याची रीत गावोगाव पडली होती. कायद्याने ती वारस होती. उताऱ्यावर ती बोजा होती. अशा नोंदीवर तिला पीककर्ज मिळत नसे, विविध कार्यकारी सोसायटीचे सभासदत्व मिळत नसे, आणि त्या सभासदत्वातून चालणाऱ्या सहकाराच्या राजकारणात तिला जागा नसे. शेतीतील सत्तेचे सगळे दरवाजे त्या एका रकान्यातून उघडत होते.

१५/
पुष्कळ घरांत तर तेवढी नोंदही टिकत नसे. तिथे यायचे हक्कसोडपत्र. त्याचे बळ समजण्यासाठी आखाजी समजली पाहिजे. अक्षय्य तृतीयेचा हा सण खान्देशात दिवाळीच्या तोलाचा. मुऱ्हाळी पाठवून सासुरवाशिणी माहेरी आणायच्या, झोके बांधायचे, गाणी म्हणायची. सालदारांचे वर्षाचे करारही आखाजीलाच संपायचे आणि नव्याने ठरायचे. एकाच दिवशी शेताचा नोकर नवा होई आणि लेक पाहुणी म्हणून येई. जमिनीत वाटा मागितला तर मुऱ्हाळी येणार नाही, झोका तुटेल, ही भीती कोणत्याही कलमाहून मोठी होती. म्हणून बहिणी सही करीत. पुष्कळदा मनापासून, पुष्कळदा नाइलाजाने.

१६/
ज्यांच्याकडे मुळात जमीनच नव्हती किंवा हिरावली गेली होती, त्यांचा लढा वेगळा. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा-तळोदा भागात भिल्लांच्या जमिनी सावकार आणि मोठे खातेदार यांच्याकडे गेल्या होत्या आणि मूळ मालक त्याच वावरात सालदार झाले होते. १९७१ च्या पाटीलवाडी प्रकरणानंतर असंतोष पेटला. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली.

१७/
या लढ्यात आदिवासी स्त्रिया पुढे होत्या. मजुरीच्या मागण्यांत त्या होत्याच. शिवाय त्यांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर जाब विचारला. पुढे श्रमिक स्त्री मुक्ती संघटनाही याच भूमीत उभी राहिली. १९७४ च्या कायद्यांनी आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत मिळण्याची वाट उघडली. पण जमीन मूळ कब्जेदाराला किंवा त्याच्या वारसाला परत करायची होती, आणि मूळ कब्जेदार म्हणजे बहुधा पुरुष. मोर्चात दोघे होते. परतीच्या आदेशावर नाव बहुधा एकाचे लागले.

१८/
याच काळात धुळ्यातून एक वैचारिक हस्तक्षेप झाला. सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षाचे संस्थापक कॉ. शरद पाटील यांनी ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ या ग्रंथात मांडले की, शेतीचा आरंभ स्त्रियांनी केला आणि आदिम गणसमाजात कुळाच्या जमिनीचे वाटप करण्याचा अधिकार स्त्रीकडे होता. निर्ऋती ही वैदिक देवता त्या सत्तेची आठवण आहे. या मांडणीवर विद्वानांत मतभेद आहेत. पण तिने प्रश्न उलटा केला : स्त्रीला जमीन द्यावी का, असे न विचारता, ती तिच्याकडून कधी आणि कशी गेली, असे विचारायला लावले.

१९/
दुसरा हस्तक्षेप शेजारच्या नाशिक जिल्ह्यातून आला. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले आणि लाखोंच्या संख्येने ग्रामीण स्त्रिया जमल्या. शरद जोशी यांचा आतापर्यंतचा मुद्दा सरळ होता : शेतमालाला रास्त भाव. चांदवडनंतर त्याला एक अवघड पुरवणी जोडली गेली. शेतकऱ्याच्या श्रमाचे मोल बाजार देत नाही हे खरे. मग शेतकरणीच्या श्रमाचे मोल शेतकरी तरी देतो का?

२०/
यातून ‘लक्ष्मीमुक्ती’ आली. घरच्या लक्ष्मीच्या ऋणातून मुक्त होण्यासाठी शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, असे ते आवाहन. ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील, ते ‘लक्ष्मीमुक्ती गाव’. जोशी सभांतून सीतेचे उदाहरण देत : रामाने घराबाहेर काढले तेव्हा तिच्या नावावर जमीन असती, तर तिला मानाने उभे राहता आले असते. शेतकऱ्याने रामाहून उणे नव्हे तर सरस व्हावे, हे त्या आवाहनाचे मर्म. कायद्याचा धाक दाखवण्यापेक्षा ओळखीच्या कथेतून अपराधभाव जागवणारी ही पद्धत होती.

२१/
जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे या मोहिमेतील सर्वांत गाजलेले गाव. तिथे शंभराहून अधिक कुटुंबांनी जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. दिल्लीहून निघणाऱ्या ‘मानुषी’ या नियतकालिकाच्या संपादिका मधु किश्वर यांनी त्याविषयी लिहिले आणि विटनेरचे नाव महाराष्ट्राबाहेर गेले. अशी गावे पुढे शेकड्यांनी झाली. दोन लाखांवर स्त्रियांच्या नावे जमीन झाल्याचे संघटना सांगत असे. त्या जमिनीवर घरापुरते, विषमुक्त पीक घेण्याच्या ‘सीताशेती’ची कल्पनाही याच मंथनातून आली.

२२/
मोहिमेची दखल सरकारलाही घ्यावी लागली. १५ सप्टेंबर १९९२ च्या परिपत्रकाने ‘लक्ष्मीमुक्ती’ हे नाव महसुली दप्तरात आले. पतीने स्वतः अर्ज केल्यास त्याच्या जमिनीवर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावता येते. हे नाव उजवीकडे, इतर हक्कात जात नाही. ते पतीच्या नावाशेजारी, पहिल्या रकान्यात लागते. अट एकच, पण तीच निर्णायक : पती हयात हवा आणि त्याची इच्छा हवी.

२३/
याच अटीत लक्ष्मीमुक्तीची मर्यादा होती आणि तेव्हाच्या स्त्री-चळवळीतून ती दाखवूनही दिली गेली. हक्क पुरुषाच्या औदार्यावर टेकला होता. दिलेला तुकडा किती आणि कसा, हेही त्याच्याच हाती. भूमिहीन दलित आणि आदिवासी स्त्रियांना या मोहिमेत देण्यासारखे काही नव्हते. आणि आणखी एक बाब : लक्ष्मीमुक्तीने पत्नीला दिले, मुलीला नाही. घरात आलेली स्त्री जमीनधारक झाली. घरातून गेलेली तशीच राहिली. विटनेरचे मोल याने कमी होत नाही. कोणतीही सक्ती नसताना शेतकरी हे करू शकतो, हे त्या गावाने दाखवले.

२४/
मुलीची बाजू कायद्याने घेतली. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहदायाद केले. पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. एकाच घरात धाकटी बहीण वाटेकरी आणि थोरली नाही, अशी स्थिती आली. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद पुसला. वरच्या उदाहरणातील १२ एकरांचे गणित बदलले : आधी पिता, मुलगा, मुलगी यांचे प्रत्येकी ४, मग पित्याचे ४ दोघांत. मुलीला ६, मुलाला ६.

२५/
तरी वाद उरला. २००५ मध्ये पिता हयात नसेल तर काय? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हयात असणे आवश्यक मानले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत रद्द ठरवले : हक्क जन्माने मिळतो, म्हणून पित्याच्या मृत्यूची तारीख गैरलागू. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि खरेदी-विक्री कायम राहिल्या. आणि बहिणीने स्वतः नोंदवून दिलेले हक्कसोडपत्र या निकालाने आपोआप पुसले जात नाही.

२६/
सातपुड्यात चित्र वेगळे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे देणे बंधनकारक केले. चोपडा, यावल, शिरपूर येथील आदिवासी पाड्यांना हा कायदा लागू झाला. म्हणजे तापीकाठच्या काळ्या जमिनीत जे आजही नवऱ्याच्या इच्छेवर आहे, ते डोंगरातल्या जमिनीवर कायद्याने सक्तीचे झाले. पण त्याच पाड्यावरील मुलीला हिंदू वारसा कायदा लागू नाही, कारण अनुसूचित जमाती त्यातून वगळलेल्या आहेत. तिथे रूढी चालते. पठारावर मुलगी वारस, पत्नी परावलंबी. डोंगरात पत्नी हक्कदार, मुलगी अनिश्चित.

२७/
आज देशात ग्रामीण भागातील काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी सुमारे तीन शेतीत आहेत. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार वहितीधारकांत स्त्रिया मात्र सुमारे १४ टक्के. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्क विधेयक मांडले होते; जमीन नावावर नसली तरी शेती करणाऱ्या स्त्रीला शेतकरी मानावे, हा त्याचा गाभा. ते मंजूर न होताच बाद झाले. पतीने आत्महत्या केलेल्या घरात याचा अर्थ सर्वांत कठोरपणे कळतो : कर्ज त्याच्या नावे, जमीन सासऱ्याच्या नावे, आणि पेरणी तिच्या माथी.

२८/
या प्रवासाचा क्रम पाहिला तर एक गोष्ट दिसते. १८५६, १८८६, १९३७, १९५६, १९९४, २००५, २०२० : कायदा कधी मागे, बहुधा पुढे सरकला. पण प्रत्येक वेळी त्याची अंमलबजावणी गावच्या दप्तरातच होणार होती. कर्ता वारला की तीन महिन्यांत वर्दी द्यायची, तलाठ्याने फेरफार धरायचा, नोटिसा काढायच्या, हरकतीसाठी पंधरा दिवस. मुलींची नावे आता कब्जेदार सदरीच लागतात. हक्कसोडपत्राचा विषय त्यानंतर निघतो, कधी तेराव्याच्या पंक्तीत, कधी येणाऱ्या आखाजीला.

२९/
विटनेरच्या शेतकऱ्यांनी जे केले ते कायद्याने सांगितले नव्हते. आणि कायदा जे सांगतो ते बहुतेक घरांत होत नाही. या दोहोंमधली जागा भावाच्या हातात आहे. बहिणीला ६ एकर देणारा भाऊ कायदा पाळतो, उपकार करीत नाही. आणि वाटा घेतलेल्या बहिणीकडेही आखाजीला मुऱ्हाळी गेला, तर खान्देशात हक्कसोडपत्रे आपोआप कमी होतील.

(समाप्त)